साडेपाच तासांवर

मी घर सोडलं त्या दिवशी कामरगावच्या स्टँडवर सातआठ जण पोचवायला आले होते. सगळे रडत होते, फक्त माझी मोठी बहीण रडत नव्हती. ती आसेगावहून आली होती, सकाळच्या पहिल्या गाडीत बसून, मंगरूळला एकदा आणि कारंजाला एकदा गाडी बदलून. मी तिला मोठीबाई म्हणायची. तिच्या पिशवीत माझ्यासाठी मूगवड्या होत्या. विमानात नेऊ देतात की नाही, हे तिने कोणाला विचारलं नव्हतं.

प्रशांत, माझा एकुलता एक मुलगा, नागपूरला जाणाऱ्या भाड्याच्या गाडीत बॅगा चढवत होता. मोठीबाईने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"कितीक दूर हाय रे ते सिंगापूर?"

"साडेपाच तास, मावशी."

"पायी का गाडीनं?"

"विमानानं. मुंबईत बसलं का साडेपाच तासात तिथं."

तिने थोडा विचार केला. "आसेगावाहून येस्टीनं नागपूरले जा, तेवढंच होते."

"तेवढंच."

"मंग हे सारे कायले रडून राह्यले?" असं म्हणत ती बाकीच्या बायकांकडे वळली. "पुसा वं डोये. आपली सुमन काई मेली नाई. साडेपाच तासावर चालली."

बायका हसल्या. मीही हसले आणि गाडीत बसले. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली.

मी का गेले, हे अजूनही लोक विचारतात. माझे मालक वारले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमचा दोन एकरांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचो आणि कारंजाच्या बाजारात नेऊन विकायचो. एकटीने मळा होईना, तो बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला दिला. मग प्रशांत म्हणाला, "आई, तू एकटी इथं, लोक मला काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची काळजी त्याला माझ्यापेक्षा जास्त होती. त्याला एक मुलगी झाली होती, तिला सांभाळायला माणूस हवं होतं, हेही खरं होतं. ते त्याने सांगितलं नाही. मला ते कळत होतं, मीही विचारलं नाही. गावात बायका म्हणाल्या, सुमनने नशीब काढलं. मी नाही म्हटलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

इथे मी बाराव्या मजल्यावर राहते. खाली मोकळी जागा आहे, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे आम्ही चार म्हाताऱ्या संध्याकाळी बसतो. दोघी पुण्याच्या, एक सोलापूरची. सगळ्यांना मुलांनी असंच आणलं आहे. सगळ्यांच्या मुलांनी तासांतच अंतर सांगितलं होतं. नात आता नऊ वर्षांची आहे, तिला माझी गरज उरलेली नाही. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कुठेही जाता येतं. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, रस्ते स्वच्छ आहेत. मला तक्रार करायला जागा नाही, आणि जिथे तक्रार करायला जागा नसते तिथे माणूस फार लवकर थकतो.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, आकडे चांगले कळतात. भाजी विकणाऱ्या बाईला आकडे कळावेच लागतात. म्हणून साडेपाच तास या आकड्याबद्दल मी नीट लिहिणार आहे. आसेगाव-कामरगावच्या लोकांनी हे वाचावं, आणि माझ्यासारख्या ज्या निघून आल्या त्यांनीही वाचावं.

आकडा खोटा नाही. विमानात समोरच्या पाठीला लहान टीव्ही असतो. त्यावर नकाशा येतो आणि किती किलोमीटर राहिले ते दिसतं. मुंबईहून सुटताना तो आकडा एकोणचाळीसशेच्या आसपास असतो आणि उतरताना शून्य होतो. वेळ साडेपाच तासच लागतो, कधी दहा मिनिटं कमी. तिकिटावरच्या वेळा वाचून मात्र मी पहिल्यांदा गोंधळले होते. जाताना निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेत आठ तास दिसतात, येताना तीनच. प्रशांतने समजावलं की सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, म्हणून जाताना ते आपले अडीच तास खातं आणि येताना परत देतं. परत दिलेल्या त्या अडीच तासांचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही.

पण साडेपाच तास हा विमानाचा वेळ आहे, माणसाचा नाही. प्रशांतने मोठीबाईला विमानाचा वेळ सांगितला. तिने तो माणसाचा समजला. आमच्याकडे कामरगावच्या स्टँडवर जीप उभी असते. माणसं भरली की ती सुटते. न भरली तर ड्रायव्हर आवाज देतो, आणखी चार जण कोंबतो आणि सुटते. तुम्ही स्टँडवर पोचलात म्हणजे निघालातच. विमानही तसंच असणार, असंच सगळ्या गावाने धरलं होतं. सुमनने घराबाहेर पाय टाकला की साडेपाच तास सुरू. मला पहिल्याच वर्षी कळलं की असं नसतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. साडेपाच तास म्हटलं की मी त्यांना जवळ वाटत होते, आणि मलाही ते जवळ वाटत होते.

मोठीबाईने तर त्याचा टोमणाच केला होता. फोन उचलला की म्हणायची, "बोल वं साडेपाच तासवाले." मी दिवाळीला आले नाही की म्हणायची, "साडेपाच तासावर रायते अन् तीन साल झाले तोंड दिसलं नाई. नागपूरची पोरगी असती त तिले झाडूनं मारलं असतं." मी म्हणायची, पुढच्या वर्षी येते. आठ वर्षांत मी दोनदा गेले.

आता लुगड्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालतात आणि माहेरचं लुगडं नेसवतात. सासरी पन्नास वर्षं काढलेली असली तरी जाताना अंगावर माहेरचं असतं. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा, कोणी ना कोणी आणतं. आमचं माहेर इंझोरीचं. आम्हाला भाऊ नाही. आईबाप गेले, घर चुलत्यांकडे गेलं आणि चुलतेही गेले. माहेर म्हणून उरलो आम्ही दोघी, ती माझं आणि मी तिचं. आमचं ठरलं होतं की जी मागे राहील तिने आणायचं. ती म्हणाली होती, "मी पयले गेली त सुती आनजो. चमकीचं आनशीन त मी उठून बसीन."

मी ते घेऊन ठेवलं होतं. इथे लिटल इंडियात दुकानं आहेत. पांढरं सुती, बारीक निळ्या काठाचं. कपाटात ठेवलं होतं. एकदा सुनेच्या, अर्चनाच्या हाताला लागलं.

"आई, हे कोणासाठी?"

"मोठीबाईसाठी."

"मग पाठवून देऊ की. कोणी जाणारं असेल तर."

"अजून वेळ आहे."

तिला काही कळलं नाही. तिने घडी घालून परत ठेवलं.

आमचा बाप गेला तेव्हा मी वीस वर्षांची होते, कामरगावला नांदत होते. इंझोरीहून एक माणूस सायकलवर आला. तो दारात उभा राहिला आणि पाणीही न पिता म्हणाला, "चाल, तुही वाट पाहून राह्यले." त्याने वेळ सांगितली नाही, अंतर सांगितलं नाही. तोच पुढे मंगरूळकडे गेला, मोठीबाईला आसेगावला निरोप द्यायला. मी बैलगाडीत बसले, मध्ये पूल वाहून गेला होता तिथून चालले. चिखलाने भरलेले पाय घेऊन दुपारी घरात शिरले. मोठीबाई माझ्यानंतर तासाने पोचली. बाप तसाच ठेवला होता. कोणी कुरकुर केली नाही, कारण दोघी पोरी वाटेत आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि वाटेत म्हणजे कुठे, हेही माहीत होतं. पुलापर्यंत पोरं बघायला गेली होती. आमच्याकडे या विधीला मातीच म्हणतात, जाळलं तरी माती. लग्नाला नाही गेलं तर चालतं. मातीला जावं लागतं.

गेल्या मे महिन्यात एक दिवस सकाळी नऊ वाजता फोन आला. गावात तेव्हा साडेसहा झाले होते. मोठीबाईचा मुलगा गजानन बोलत होता.

"मावशी, माय गेली."

"कवा?"

"आत्ता. चहा मांगतला. आनेपर्यंत खतम."

मी खुर्चीवर बसले. तो म्हणाला, "तू निंघ. आंघोय थांबवतो आमी. लुगडं तूच आनशीन नं?"

"मीच आनीन."

"साडेपाच तास अन् नागपूरहून चार. चार वाजेपर्यंत तरी पोचशीन. मी लोकायले तसं सांगतो."

मी हो म्हटलं.

त्या वेळी मी खोटं बोलले असं मला म्हणता येणार नाही. बहीण गेल्याचं ऐकल्यावर तोंडातून जे निघायचं ते निघालं. प्रशांत ऑफिसात होता, त्याला फोन केला. तो घरी आला, लॅपटॉप उघडला. मुंबईची सकाळची फ्लाइट निघून गेली होती. पुढची संध्याकाळी साडेसातला. तिच्यात दोन सीटा मिळाल्या. मुंबईला पोचल्यावर नागपूरचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं. नागपूरहून गाडी. त्याने सगळं एका कागदावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. उद्या दुपारी बारा.

तेव्हा इथे अकरा वाजले होते, गावात साडेआठ. ऊन अजून चढलं नव्हतं.

प्रशांत म्हणाला, "गजाननदादाला सांगतो, उद्या दुपार होईल. थांबू नका म्हणतो."

मी म्हटलं, "मी सांगते."

आणि मी सांगितलं नाही.

इथे कोणी मला समजून घेऊ नये. मी विसरले नव्हते, दुःखाने मला सुचेनासंही झालं नव्हतं. मला नीट कळत होतं की मी उद्या बारा म्हटलं तर गजानन माणसांना विचारील, माणसं म्हणतील उन्हाळ्याचे दिवस आहेत, आणि दहाच्या आत मोठीबाईला नेतील. तेच बरोबर होतं. पण मग लुगडं कोणीतरी दुसरं आणील. मला वाटलं, नाही सांगितलं तर थांबतील. चार वाजले की पाचपर्यंत थांबतील, पाच वाजले की सहापर्यंत, आणि अंधार पडला की आमच्याकडे नेत नाहीत, मग सकाळपर्यंत ठेवावंच लागेल. एवढा हिशेब मी पिशवी भरता भरता केला. भाजीच्या दुकानावर बसून हिशेब पटपट करायची सवय होती, ती इथे कामी आली.

इथल्या बाराला गजाननचा फोन आला. मी वाजू दिला. परत आला. उचलला.

"मावशी, कुठं हायेस?"

"निंघाली."

हा शब्द आपण सगळेच वापरतो. आंघोळीला जायचं असतं आणि फोनवर म्हणतो, निघालो. त्याचा अर्थ प्रत्येकाला माहीत असतो. पण अंगणात आई ठेवलेल्या मुलाला त्याचा तो अर्थ कसा घेता येईल? त्याने माणसांना सांगितलं, मावशी निघाली, विमानात आहे. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. त्यानंतर मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. प्रशांतने विचारलं, सांगितलंस का? म्हटलं, सांगितलं.

विमानतळावर प्रशांतने माझ्यासाठी व्हीलचेअर मागितली, कारण व्हीलचेअर असली की रांग लागत नाही. मला चांगलं चालता येतं. मला ढकलत नेलं आणि चहाच्या दुकानाजवळ नेऊन ठेवलं. तिथे मी तीन तास बसले. बोर्डावर गावांची नावं फिरत होती. मुंबईच्या नावापुढे सगळं वेळेवर असल्याचं लिहिलं होतं. विमान खरंच वेळेवर होतं. पुढे मी सगळ्यांना सांगितलं की विमानाला उशीर झाला, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

विमानात मी समोरचा नकाशा बघत बसले. एकोणचाळीसशे, अडतीसशे. सुनेने दिलेला जेवणाचा डबा उघडला नाही. हा आकडा मुंबईत शून्य होणार आणि आसेगाव त्या नकाशावर नव्हतंच. मुंबई जवळ आली तशी मी गावाकडे काय चाललं असेल ते बघायचा प्रयत्न केला. मला वाटत होतं की ठेवलं असेल. मला खात्रीच होती. त्या साडेपाच तासांत मी सुखी होते, असं लिहिलं तर वाईट दिसेल, पण तसंच होतं. लुगडं मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून समृद्धी महामार्गावरून गाडी सुसाट आली. कारंजाला उतरलो, मंगरूळवरून आसेगावला वळलो. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली चार माणसं बसली होती. गाडी बघून उठली नाहीत. अंगणात गेले तर अंगण धुतलेलं. जिथे तिला ठेवलं होतं तिथे दिवा आणि त्याच्याभोवती पीठ पसरलेलं.

गजानन ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. बोलली ती त्याची बायको, रंजना.

"काल साडेसहाले नेलं, मावशी. थांबता येत नोयतं."

मी म्हटलं, "विमान लेट होतं."

शेजारची एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "पंक्चर झालं का वं इमान?"

कोणी हसलं नाही. तिनेही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

काय झालं ते मला रंजनाने दोन दिवसांत थोडंथोडं सांगितलं. भांडी घासताना, गव्हातले खडे काढताना. चारपर्यंत सगळे शांत होते. गजानन मंगरूळहून बर्फाच्या दोन लाद्या घेऊन आला, भुशात गुंडाळून. तीनलाच त्या वितळल्या. परत गेला तर बर्फ मिळाला नाही. प्रेत घरात असताना गल्लीत चूल पेटत नाही. पाच घरांतली लेकरं सकाळपासून बिस्किटांवर होती. आंघोळ घातली नाही, कारण आंघोळ घातली की नेसवावं लागतं, आणि लुगडं विमानात होतं. मोठीबाई दिवसभर जुन्या पातळात पडून होती. पाचनंतर अंगणात बसणं होईना. माणसं उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. म्हातारे गजाननला बोलायला लागले. कोणी म्हणालं, "बुडीचे हाल करून राह्यला तू." तो सारखा माझा आणि प्रशांतचा फोन लावत होता आणि दोन्ही बंद. मग त्याने सगळ्यांना सांगितलं की विमानात फोन बंदच ठेवतात. म्हणजे ती येऊनच राहिली आहे. मी केलेल्या खोट्याला त्याने स्वतःच्या तोंडाने आधार दिला.

शेवटी भाजी विकणारी गोदाबाई उठली. ती आसेगावच्या बाजारात बसते. मोठीबाई तिच्याशी दर आठवड्याला भावावरून भांडायची. गोदाबाई म्हणाली, "मी इंझोरीची हाय. माहेर म्हंजे गावच नं? मी आनतो लुगडं." ती घरी गेली आणि पेटीतलं नवं लुगडं घेऊन आली. तिच्या मुलाने दिवाळीला घेतलेलं, तिने एकदाही नेसलं नव्हतं. हिरवं, मोठ्या फुलांचं. बायकांनी आंघोळ घातली आणि ते नेसवलं.

मी माझं लुगडं रंजनाच्या हातात दिलं. तिने उलगडून काठ बघितला आणि परत घडी घातली.

"ठेवून द्या, मावशी," ती म्हणाली. "तुमच्याच कामी येईन."

ती वाईट बोलली असं मला वाटत नाही. दिवसभर उपाशी लेकरं तिने सांभाळली होती. मी तिच्या जागी असते तर यापेक्षा जास्त बोलले असते.

गोदाबाईच्या घरी गेले. म्हटलं, हे पांढरं तू घे, तुझं गेलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, "बदली थोडीच केलती मी." मी दारातूनच परत आले.

तेरा दिवस राहिले. प्रशांतला सुट्टी नव्हती, तो पाचव्या दिवशी गेला. जायच्या आधी त्याने ओट्यावर सगळ्यांना समजावलं की डायरेक्ट फ्लाइट नव्हती, कनेक्शन होतं, लेओव्हर होता. माणसांनी मान हलवली. एकाने विचारलं, "मंग साडेपाच तास कोनाचे होते?" प्रशांत म्हणाला, विमानाचे. त्यावर तो माणूस म्हणाला, "इमान तर आमी बलावलंच नोयतं." मला प्रशांतचा राग आला. आणि मग राग यायला आपण कोण, असंही वाटलं. त्याने आठ वर्षांपूर्वी अर्धी गोष्ट सांगितली होती. मी उरलेली अर्धी लपवली.

जाणाऱ्यांनो, घरच्यांना विमानाचा वेळ सांगू नका. दारापासून दारापर्यंतचा सांगा. त्यात तिकीट मिळायचा वेळ धरा, सुट्टी मिळायचा धरा, पुढच्या विमानाची वाट बघायचा धरा. मग जो आकडा येईल तो मोठ्याने बोलून बघा. तोंडातून निघाला नाही तर जाऊ नका, किंवा जा आणि परत येतो म्हणू नका. आणि मागे राहणाऱ्यांनो, तुम्हीही तो आकडा विचारत जा. मोठीबाई हुशार बाई होती, आयुष्यभर तिला कोणी मापात फसवलं नाही. साडेपाच तासांना मात्र ती फसली, कारण तिला फसायचं होतं.

सिंगापूरला परत आल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. व्हॉइड डेकवर बायकांनी विचारलं, मिळालं का शेवटचं दर्शन? मी म्हटलं, नाही, विमान लेट होतं. त्या हळहळल्या. सोलापूरच्या बाईंनी तर एअरलाइनकडे तक्रार करा म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा ईमेल लिहून देतो म्हणाला. तेव्हा मला पहिल्यांदा किळस आली. ज्या विमानाने मला मिनिटाचाही उशीर केला नव्हता, त्याच्यावर मी माझी घाण टाकली होती, आणि आता त्याची ईमेल होणार होती.

मी घरी आले आणि गजाननला फोन लावला. गावात दुपार होती. तो शेतातून जेवायला आला होता, चावण्याचा आवाज येत होता.

म्हटलं, "गजानन, त्या दिवशी मले सकाळीच माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी बारा वाजतीन म्हून. तुमचे साडेआठ झाले होते. मी सांगतलं नाई."

चावणं थांबलं.

"काहून?"

"सांगतलं असतं त तुमी नेलं असतं."

ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मले आता कायले सांगून राह्यली?"

"खरं हाय म्हून."

"माय आंगनात पडली होती अन् मी घंटे मोजत होतो, मावशी. लोकायनं मले शिव्या देल्ल्या. म्या त्यायले सांगतलं, मावशी खोटं नाई बोलत."

"माही चूक हाय."

"हाये," तो म्हणाला.

मागून रंजनाने काहीतरी विचारलं. त्याने तिला, काही नाही, असं सांगितलं. मग मला म्हणाला, "आता या घरात कोनी गेलं त तुले फोन करीन. तेवढं करीन. पन थांबनार नाई."

"नोको थांबू."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी दिवाळीला केला होता, तेव्हा त्याच्या मुलीने उचलला आणि बाबा शेतात गेले म्हणाली. दिवाळीच्या दिवशी कोणी शेतात जात नाही.

घर कुठे, असं इथे फॉर्मवर लिहावं लागतं. मी कामरगाव लिहिते. तिथे आता बटईवाला राहतो आणि माझ्या खोलीत त्याचं खत ठेवलेलं आहे. ते घर नाही. बारावा मजलाही घर नाही, तो इथे राहायचा पास आहे, दर दोन वर्षांनी नवा करायचा. मला वाटतं, ज्या अंगणात आपल्यासाठी एक दिवस थांबतात ते घर. आसेगावला असं एक अंगण होतं. बर्फ वितळला तरी ती माणसं थांबली, लेकरं उपाशी ठेवून थांबली. तेवढं थांबणं माझ्या नावावर होतं आणि मी ते एका दिवसात वापरून संपवलं.

प्रशांतला मी परवा सांगितलं. मी इथे गेले तर इथेच जाळ, त्याच दिवशी. तो म्हणाला, "आई, असं का बोलतेस? गावी नेऊ ना तुला, हल्ली सगळी सोय होते." म्हटलं, काही न्यायचं नाही. माहेरचं म्हणून अंगावर घालायला कोणी उरलेलं नाही, जे असेल ते नेसवा. गजाननला कळव, पण सगळं उरकून घरी आल्यावर कळव. तो विचारील कधी गेली, तर खरी वेळ सांग. त्याला निघ म्हणू नकोस.